पांढऱ्या भिंती, घंगाळभर निशिगंध

लग्न उद्या, शनिवारी, दुपारी चारला. आज पाचच्या सुमारास चर्चचा शिपाई दाराची जाड कडी काढतो आणि नवरीकडच्या तीन-चार बायका आत येतात. समोर लांबट, उंच छताचे दालन. चुन्याच्या भिंती, दोन्ही बाजूंना लाकडी बाकांच्या रांगा, मधून चार-पाच फुटांची वाट. वाटेच्या टोकाला प्रभुभोजनाचे साधे मेज, एका अंगाला पुलपिट, मागच्या भिंतीवर लाकडी क्रूस. मूर्ती नाही, चित्र नाही, सोनेरी महिरप नाही. "मावशी, इथं तर काहीच नाही गं," त्यांच्यातली धाकटी म्हणते. "सगळं आपल्यालाच उभं करावं लागणार."

अहिल्यानगर, सोलापूर, सातारा या भागांत अमेरिकन मराठी मिशनच्या काळातली जी चर्च आहेत, त्यांतल्या पुष्कळ ठिकाणी लग्नाच्या आदल्या दिवशी हे दृश्य थोड्याफार फरकाने असेच दिसते. मग मंडप डेकोरेशनवाल्याला फोन जातो. तो गेट सुचवतो, थर्माकोलचे खांब सुचवतो, मेजामागे झालरींचा पडदा आणि दोन फोकस सुचवतो. रात्रीपर्यंत चर्च एखाद्या मंगल कार्यालयासारखे दिसू लागते आणि दुसऱ्या दिवशीच्या फोटोंवरून लग्न कुठे लागले ते ओळखू येत नाही. हे टाळता येते, आणि ते टाळावे यासाठीच हा लेख. धाकटीला जे "काहीच नाही" वाटले, ते कुणीतरी फार विचार करून, भांडून, किंमत मोजून तसे ठेवलेले आहे.

त्या भांडणाची सुरुवात झाली स्वित्झर्लंडमध्ये. १५२४ साली झुरिक शहरातल्या चर्चमधून मूर्ती आणि चित्रे नगरसभेच्या आदेशाने बाहेर काढण्यात आली आणि चित्रे असलेल्या भिंतींवर चुना फिरला. त्यामागे उल्रिख झ्विंगली या धर्मसुधारकाची शिकवण होती. कोरीव मूर्ती करू नये ही आज्ञा जशीच्या तशी पाळायची आणि माणसाचे लक्ष वचनावरून दुसरीकडे जाऊ द्यायचे नाही, असा त्याचा आग्रह. हाच विचार पुढे इंग्लंडच्या प्युरिटन लोकांनी उचलला, अटलांटिकपलीकडे नेला आणि न्यू इंग्लंडच्या गावागावांत साधी लाकडी सभागृहे उभी राहिली. त्यांना ते चर्च म्हणत नसत, सभेचे घर म्हणत. त्यांच्या लेखी चर्च म्हणजे इमारत नव्हे, मंडळी.

सजावटीला बसणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी अशी एक गोष्ट इथे आहे. या सभेच्या घरांत सुरुवातीला लग्ने लागतच नसत. प्युरिटनांच्या मते लग्न हा दोन माणसांमधला कायदेशीर करार होता आणि तो न्यायाधिकाऱ्यापुढे करायचा. १६२१ साली प्लिमथ वसाहतीतले पहिले लग्न याच रीतीने लागले. मॅसॅच्युसेट्समध्ये पाळकांना लग्न लावण्याची मुभा मिळाली ती १६९२ साली. म्हणजे ज्या इमारतीचा साचा पुढे आपल्याकडे आला, ती लग्नासाठी घडवलेलीच नव्हती. मधली वाट वरातीसाठी नव्हे, लोकांना बाकांपर्यंत पोचता यावे म्हणून. भिंती रित्या ठेवल्या त्या शोभेची जागा म्हणून नव्हे, ऐकणाऱ्याचे डोळे भरकटू नयेत म्हणून. अशा इमारतीत लग्न सजवायचे म्हणजे एका फार शिस्तीच्या घरी पाहुणे म्हणून जाण्यासारखे आहे.

याच प्युरिटनांच्या वारशातल्या, अमेरिकेतल्या काँग्रिगेशनल चर्चच्या पुढाकाराने १८१० साली परदेशी मिशन मंडळ स्थापन झाले. त्याचे मिशनरी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोघे फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. १८३१ साली मंडळाच्या अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, ठाणे केले. बरोबर बायबल आले, शाळा आल्या, छापखाना आला, १८४२ पासून 'ज्ञानोदय' हे नियतकालिक निघू लागले, आणि तो चुन्याच्या भिंतींचा साधेपणाही आला.

* * *

पण मराठी माणूस त्या दालनात शिरताना हात हलवत आला नाही.

नगरशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले ते रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. चर्चमधली गाणी इंग्रजी चालींवर बेतलेली असत. टिळकांनी अभंग, ओवी, कीर्तन ही आपली वाट चर्चमध्ये आणली. त्यांची शेकडो पदे आजही 'उपासना संगीत' या गीतसंग्रहातून गायली जातात. आणि हेच टिळक मराठी वाचकाला माहीत आहेत ते 'फुलांमुलांचे कवी' म्हणून. 'वनवासी फूल' लिहिणारा कवी ज्या परंपरेचा पाळक होता, त्या परंपरेच्या चर्चमध्ये फूल परके कसे असेल?

पंडिता रमाबाईंचे उदाहरणही इथे आठवते. इंग्लंडमध्ये वाँटेजच्या आश्रमात असताना लॅटिन अक्षरे कोरलेला क्रूस घालायला त्यांनी नकार दिला होता. अक्षरे हवीत तर संस्कृत हवीत, असे त्यांचे म्हणणे. श्रद्धा स्वीकारली म्हणून तिचा परदेशी दागिनाही अंगावर चढवलाच पाहिजे असे नाही, हे रमाबाईंनी तेव्हा ठणकावून सांगितले. आज मराठी ख्रिस्ती लग्नात अंगठीबरोबर मंगळसूत्रही दिसते, पांढऱ्या गाऊनऐवजी जरीकाठाची पांढरी साडी दिसते. पांढऱ्या पोशाखाची लाट १८४० साली राणी व्हिक्टोरियाच्या लग्नापासून जगभर पसरली. आपल्याकडे आल्यावर तिने काठ-पदर घेतला.

शिवाय या साध्या चर्चला सजायची सवय नाही असेही नाही. वर्षातून एकदा झावळ्यांचा रविवार येतो. त्या दिवशी माणसे हातात झावळ्या घेऊन गात आत येतात आणि दार-खिडक्या हिरव्या होतात. दुसरा दिवस कापणीच्या सणाचा. इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलच्या मॉरवेनस्टो गावी रॉबर्ट हॉकर या पाळकाने १८४३ साली या सणाला आजचे रूप दिले. पण ज्वारीची कणसे, ऊस, भोपळे, केळीचे घड घेऊन शेतकऱ्याने देवापुढे यावे ही कल्पना कुठल्याही मराठी गावाला शिकवावी लागली नाही. त्या दिवशी मेजाभोवती कणसांच्या पेंढ्या उभ्या राहतात तेव्हा पांढरी भिंत किती शोभते, ते एकदा पाहावे. लग्नाच्या सजावटीचा नमुना बाहेर शोधायची गरजच नाही. तो याच दालनात, दरवर्षी, लोकांच्या डोळ्यांसमोर असतो.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. अँग्लिकन परंपरा आणि काँग्रिगेशनल-प्रेसबिटेरियन परंपरा एका छत्राखाली आल्या. अँग्लिकनांकडे ऋतूनुसार वेदीच्या वस्त्राचा रंग बदलतो: आगमनकाळात आणि लेंटमध्ये जांभळा, सणाला आणि लग्नाला पांढरा. म्हणून आज साध्या चर्चमध्येही मेजावर पांढरे वस्त्र घालून लग्न लागते. सजावटीचा पहिला रंग तिथेच ठरलेला असतो.

* * *

मग सजावटीला हात कुठून घालायचा? आधी उजेडाकडे बघावे.

१८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याच्या दहाव्या कलमाने लग्नाची वेळ सकाळी सहा ते संध्याकाळी सात अशी बांधून दिली आहे. मोजक्या अपवादांत परवानगी मिळते, एरवी नाही. त्यामुळे लग्न उजेडीच लागते, आणि दुपारी तीन-चारनंतर लागणारे लग्न तिरप्या उन्हात लागते. जुन्या रूढीप्रमाणे बांधलेल्या चर्चचे मेज पूर्वेला आणि मोठे दार पश्चिमेला असते. तिथे चार वाजता दार उघडे ठेवले, तर मावळतीचे ऊन मधल्या वाटेवरून सरळ मेजाकडे धाव घेते आणि पांढरी भिंत सायीसारखी पिवळसर होते. मिशनची सगळी चर्च या दिशेने बांधलेली नाहीत. म्हणून आदल्या दिवशी, लग्न ज्या वेळी लागणार त्याच वेळी, पंधरा मिनिटे नुसते बाकावर बसावे. ऊन कुठून येते, कुठल्या खिडकीचा पट्टा कुठे पडतो, मेज अंधारात राहते का, सगळे कळते. डेकोरेशनवाल्याचा झालरीचा पडदा यातला निम्मा उजेड खातो, आणि मग फोकस लावून तोच उजेड विकत घ्यावा लागतो.

दुसरे पाहायचे ते माणसांची नजर. ख्रिस्ती लग्नात डोळे चारच ठिकाणी खिळतात. नवरी आत येते तेव्हा दारावर. ती चालते तेव्हा मधल्या वाटेवर. वचने दिली जातात तेव्हा मेजापुढच्या पायरीवर. आणि शेवटी नवरा-नवरी, दोन साक्षीदार आणि पाळकसाहेब सह्या करतात त्या रजिस्टरच्या टेबलावर. या चार जागा सजवल्या की चर्च सजले. बाकी भिंती मोकळ्या सोडाव्यात. पांढऱ्या भिंतीपुढे निशिगंधाची एक उंच जुडी जेवढी उठून दिसते, तेवढी पन्नास हार टांगलेल्या भिंतीपुढे दिसत नाही.

यांत सगळ्यांत विसरली जाते ती चौथी जागा. कोपऱ्यातले ते टेबल, त्यावर जाडजूड रजिस्टर, आणि अनेकदा प्लास्टिकची खुर्ची. याच टेबलावर लग्न कागदावर उतरते. प्युरिटनांच्या हिशेबाने तर लग्नाचे खरे ठिकाण हेच. त्यावर घरातले धुतलेले, इस्त्री केलेले सुती कापड आणि वाटीभर मोगरा ठेवायला किती वेळ लागतो?

* * *

आता फुले. ऋतू विचारल्याशिवाय फुले ठरवू नयेत.

शेवंती थंडीतली, आणि टिकायला चिवट. नगर तालुक्यातला अकोळनेरचा परिसर शेवंतीच्या शेतीसाठीच ओळखला जातो. नाताळच्या सुट्टीत मुंबई-पुण्याहून घरचे गावी जमलेले असतात, तेव्हा लागणाऱ्या लग्नांना तिच्यासारखे फूल नाही. मे महिन्यात नगरचा पारा चाळिशीला टेकतो आणि शेवंती दुर्मीळ होते, पण तेव्हा मोगरा भरात असतो. निशिगंध बारा महिने मिळतो. सुटी फुले किलोवर, दांड्या गड्डीने. एकेरी पाकळीचा निशिगंध हारासाठी आणि वासासाठी, दुहेरी पाकळीचा फुलदाणीसाठी. संध्याकाळ होऊ लागली की त्याचा वास वाढतो. चार वाजताचे लग्न संपता संपता सारे दालन त्याने भरून जाते. मावळातल्या तळेगावच्या हरितगृहांतले गुलाब परदेशी जातात तसे पुण्याच्या बाजारातही येतात.

आणलेले फूल लगेच लावायचे नसते, हे अनुभवी बायकांना ठाऊक असते. दांड्या तिरप्या कापायच्या, पाण्यात बुडतील ती पाने काढून टाकायची आणि रात्रभर बादलीत, अंधाऱ्या गार खोलीत ठेवायच्या. ग्लॅडिओलस खालून वर उमलत जातो, म्हणून दोनच कळ्या उघडलेली दांडी घ्यावी. जर्बेराची मान पाण्यावाचून लवते. लिली आणली तर तिचे केशर आधी चिमटीने काढावे, कारण त्याचा तपकिरी डाग पांढऱ्या साडीवरून जाता जात नाही. हिरवाईसाठी फुलवाल्यांची कामिनी, म्हणजे आपली कुंती, आणि अशोकाची पाने पुरेशी होतात. कंपाउंडमधल्या नारळाची झावळी विणून दाराला लावली तर गेट भाड्याने आणावेच लागत नाही.

झेंडूवरून मात्र घरोघरी वाद होतो. "झेंडू नको, दसऱ्यासारखं दिसतं," असे कुणीतरी म्हणतेच. झेंडूची आणि निशिगंधाची दोघांचीही मूळ भूमी मेक्सिको आहे. युरोपीय जहाजांच्या मार्गाने ती इकडे आली आणि आपल्या मातीत इतकी रुजली की दसऱ्याचे तोरण आणि लग्नाचा गजरा त्यांच्यावाचून सुचेना. दूर देशाहून आलेले, इथे मुळे धरलेले आणि आता इथलेच असलेले हे फूल मराठी चर्चच्या दाराला शोभणार नाही तर कुठे? फक्त पांढऱ्या भिंतीवर केशरी रंग जोरात बोलतो. म्हणून झेंडू दाराशी ठेवावा, आत पांढरे आणि हिरवे.

* * *

फुले कशात उभी करायची, हा खर्चाचा आणि सदसद्विवेकाचाही प्रश्न आहे. आज बहुतेक ठिकाणी हिरव्या फोमच्या विटा वापरतात. ओहायोच्या व्हर्नन स्मिथर्स यांनी १९५४ साली बाजारात आणलेला हा ओॲसिस फोम पाणी धरतो, दांडी घट्ट पकडतो आणि दुसऱ्या दिवशी चुरा होऊन कचऱ्यात जातो. तो प्लास्टिकच आहे. त्याचे कण पाण्यातल्या जिवांना अपाय करतात असे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांना आढळले आहे. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२१ पासून आपल्या पुष्पप्रदर्शनांत त्याला बंदी केली. महाराष्ट्रात २०१८ च्या प्लास्टिकबंदीत सजावटीचे थर्माकोलही आले. तरी थर्माकोलचे खांब अजून गोदामातून निघतात.

फोम येण्याआधी काय करत? १९५३ च्या राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकाची पुष्परचना सांभाळणाऱ्या कॉन्स्टन्स स्प्राय भांड्यात कोंबडीच्या खुराड्याची तारजाळी चुरगळून घालत आणि तिच्यात दांड्या रोवत. भांडे कुठलेही चाले, स्वयंपाकघरातलेसुद्धा. आपल्याकडे तर या बाबतीत श्रीमंतीच आहे. आजीच्या काळातले तांब्याचे घंगाळ माळ्यावर पडलेले असते, पितळी तपेली असतात, कळशी असते. चिंच लावून घासले की घंगाळ झळकते. तळाशी जाळी, अर्धे पाणी, आणि दोन-तीन गड्ड्या निशिगंध नि कुंतीच्या फांद्या. मेजाच्या दोन बाजूंना जमिनीवर अशी दोन घंगाळे ठेवली की मेज मोकळे राहते आणि पाळकाचे बायबल, अंगठ्यांची बशी दिसत राहते.

मेज मोकळे ठेवणे ही नुसती सौंदर्यदृष्टी नाही. रोमन कॅथलिक चर्चच्या मिस्साविषयक सूचनांत ३०५ व्या क्रमांकाला स्पष्ट सांगितले आहे की फुले बेताची असावीत आणि वेदीवर नव्हे, वेदीभोवती असावीत. प्रायश्चित्तकाळात तर मोजके दिवस सोडून वेदीला फुलेच नाहीत. वसईत हा नियम पाळणारे गाव स्वतः फुलांचे गाव आहे. तिथल्या वाड्यांतला सोनचाफा आणि मोगरा पहाटेच्या गाडीने दादरच्या फुलबाजारात जातो आणि तो पिकवणाऱ्यांत ख्रिस्ती शेतकरी पुष्कळ. तिथे लग्नाचा सारा थाट घरच्या मांडवात असतो, उंबराच्या पाण्याच्या विधीला वाजतगाजत विहिरीवर जाण्यात असतो. देवळात, म्हणजे चर्चमध्ये, पाय ठेवला की सूर खाली येतो.

मोठ्या लग्नातूनही एक धडा घेण्यासारखा आहे. २०११ साली लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत राजपुत्र विल्यमच्या लग्नाला शेन कॉनॉली यांनी मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना वीस फुटी जिवंत झाडे उभी केली: सहा मेपल, दोन हॉर्नबीम. लग्नानंतर ती जमिनीत लावायची हे आधीच ठरले होते. आपल्या चर्चच्या चार फुटी वाटेत वीस फुटी झाड मावणार नाही. पण दाराशी कुंड्यांतली दोन कढीपत्त्याची किंवा अनंताची झाडे ठेवता येतात आणि पावसाळ्यात ती कंपाउंडमध्येच लावता येतात.

काही गोष्टी सरळ टाळाव्यात. बाकांना चिकटपट्टी लावू नये. ती काढताना शंभर वर्षांचे पॉलिश सोलून येते. खिळा तर नाहीच, सुतळी पुरते. प्रत्येक बाकाला फुले लावायची गरज नाही. एक सोडून एक बाकाला कुंतीची डहाळी आणि शेवंतीची तीन फुले बांधली तरी वाट भरलेली दिसते. वाटेवर मेणबत्त्या ठेवू नयेत, कारण पदर आणि बुरखा दोन्ही पेट घेतात. गुळगुळीत कार्पेटवर नवरीचा पाय घसरतो. जुनी सतरंजी कडा दाबून अंथरली तर ती अधिक भरवशाची. आणि कशालाही हात लावण्याआधी पाळकसाहेबांना विचारावे. मेज सरकवायचे नाही, क्रूस झाकायचा नाही, एवढे बहुतेक ते सांगतातच.

* * *

शुक्रवारी रात्री नऊला दालनात दिवे लागलेले असतात. शिडीवर मुलगे, सतरंजीवर बायका. मंडळीतल्या म्हाताऱ्या आजी गजरे गुंफत बसतात आणि मध्येच कुणीतरी पदाची ओळ धरते. फुलवाल्याचे बिल एका हौशी मंगल कार्यालयाच्या नुसत्या गेटच्या भाड्याइतकेही होत नाही. धाकटी मात्र दर अर्ध्या तासाने दारापाशी जाऊन लांबून पाहते. घंगाळ जरा डावीकडे घ्या म्हणते, पुन्हा उजवीकडे घ्या म्हणते.

शनिवारी चार वाजता ऊन वाटेवर उतरते. सातच्या आत रजिस्टरवर सह्या होतात.

रविवारी सकाळी उपासनेला तीच फुले असतात. आता ती लग्नाची नसतात, सगळ्यांची असतात. उपासना संपल्यावर हार दफनभूमीत जातात, नवऱ्याच्या आजोबांच्या कबरीवर आणि शेजारच्या दोन-तीन कबरींवरही. टिकलेल्या दांड्या मिशन दवाखान्याच्या वॉर्डात जातात. शिपाई बाकांची सुतळी सोडून गुंडाळून ठेवतो, पुढच्या लग्नासाठी. मावशी घंगाळातले पाणी दारातल्या कढीपत्त्याला ओततात, ते उपडे करून पुसतात आणि रिक्षात मांडीवर घेऊन घरी निघतात. तळाशी निशिगंधाच्या दोन फुलांचा वास अजून राहिलेला असतो.